बांधणे वेगळे, दाबणे वेगळे

संगणकावरील अनेक फाइली एकत्र करून त्यांची एकच फाइल बनवण्याला रोजच्या बोलण्यात सर्रास ‘झिप करणे’ म्हटले जाते, आणि या एका क्रियापदामुळे दोन अगदी निराळ्या क्रिया ऐकणाऱ्याच्या मनात एकच होऊन बसतात. पहिली क्रिया बांधण्याची : विखुरलेल्या फाइली, त्यांची नावे, त्यांच्या तारखा, त्या कोणत्या फोल्डरात होत्या आणि त्या वाचण्याचा वा बदलण्याचा अधिकार कोणाला होता, हे सारे एकापुढे एक मांडून त्याचे एक गाठोडे करणे. दुसरी दाबण्याची : त्या गाठोड्यातील पुनरुक्ती हेरून त्याचे आकारमान कमी करणे. युनिक्स आणि तिच्या वळणावर पुढे घडलेली लिनक्स या प्रणालींनी या दोन क्रियांसाठी दोन वेगळी साधने ठेवली. माउसची उजवी टिचकी मारून काम करणाऱ्याला हा भेद कधी दिसत नाही. काळ्या पडद्यावर कमांड टंकून काम करणाऱ्याला तो पहिल्याच आठवड्यात शिकावा लागतो. प्रस्तुत लेखकाने एका मराठी नियतकालिकाच्या जुन्या अंकांच्या फाइली काही वर्षे सांभाळल्या, आणि त्या कामातले बहुतेक अपघात हा भेद विसरल्यामुळेच झालेले आढळले.

बांधण्याच्या साधनाचे नाव ‘टार’. मराठी वाचकाला त्याची कल्पना पुण्याच्या पुराभिलेखागारातील रुमालावरून चटकन यावी. पेशवे दफ्तरातील मोडी कागद तेथे ज्या चौकोनी फडक्यांत बांधून ठेवले जातात ते रुमाल, आणि त्यावरून त्या बांधलेल्या गठ्ठ्यालाही रुमालच म्हणतात. रुमालात बांधल्याने कागद लहान होत नाही; तो हरवत नाही, आणि कोणत्या कागदाशेजारी कोणता कागद होता हे कळण्याची सोय राहते. टारही एवढेच करते. त्याचे नाव ‘टेप आर्काइव्ह’ या शब्दांच्या संक्षेपातून आले असून १९७९ साली बेल लॅबोरेटरीजमधून बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ते प्रथम दिसले. त्या काळी माहितीचे गठ्ठे चुंबकीय फितीवर ठेवले जात, फीत पुढे जात असताना तिच्यावर ओळीने लिहावे लागे, आणि त्या फितीची सवय टारच्या अंगात आजही मुरलेली आहे. प्रत्येक फाइलीपुढे ५१२ बाइटांचे एक शीर्षक, मग फाइलीतील मजकूर, तोही ५१२ च्या पटीत भरून काढलेला, आणि सगळ्याच्या शेवटी ५१२ बाइटांचे दोन कोरे ठोकळे, अशी त्याची रचना असते. शिवाय लिनक्सवरील प्रचलित टार असे वीस ठोकळे एका वेळी लिहिते. त्यामुळे एकाच अक्षराची फाइल बांधली तरी गाठोडे १०,२४० बाइटांचे निघते. ‘बांधल्यावर फाइल मोठी कशी झाली’ असे नवशिका विचारतो तेव्हा त्याचे उत्तर या फितीत असते.

टारच्या कमांडीत अक्षरांना अर्थ आहे. ‘सी’ हे अक्षर नवे गाठोडे बांधते, ‘एक्स’ ते सोडते, ‘टी’ न सोडता आतल्या नावांची यादी दाखवते, ‘झेड’ बांधतानाच जीझिप या दाबणाऱ्या साधनाकडून दाबून घेते, आणि ‘एफ’ पुढे येणारा शब्द हे गाठोड्याचे नाव आहे असे सांगते. यांतील ‘एफ’ सर्वांत मानी. आडवी रेघ देऊन ‘सीएफझेड’ असा क्रम टंकला, तर एफ आपल्या लगत आलेल्या झेडलाच नाव समजते आणि फोल्डरात ‘झेड’ नावाचे एक अनौरस गाठोडे तयार होते. गाठोड्याचे नाव द्यायचेच विसरून थेट फाइलींची नावे लिहिली, तर पहिल्या फाइलीच्या जागी गाठोडे लिहिले जाते आणि ती फाइल कायमची जाते. एक्सऐवजी चुकून सी टंकले आणि पुढे काहीच दिले नाही, तर रिकामे गाठोडे बांधण्यास आपण भ्याडासारखा नकार देत आहोत असा संदेश टार पडद्यावर छापते. संगणकाच्या संदेशांत इतका मनमोकळा संदेश क्वचितच सापडेल, आणि त्या भ्याडपणाने अनेकांची गाठोडी वाचवली असतील. मात्र त्याच चुकीत पुढे एखाद्या फाइलीचे नाव असले, तर टारला भीती वाटण्याचे कारण उरत नाही : जुने गाठोडे पुसून त्या जागी नवे बांधायला ते निमूटपणे बसते. सी आणि एक्स ही अक्षरे इंग्रजी कळफलकावर एकमेकांच्या शेजारी आहेत, हे येथे नमूद करून ठेवणे बरे.

मराठी फाइलींच्या बाबतीत खरा कस लागतो तो शीर्षकातील नावापाशी. मूळ टारच्या ५१२ बाइटांच्या शीर्षकात फाइलीच्या नावासाठी, म्हणजे फोल्डरांसह तिच्या पूर्ण पत्त्यासाठी, १०० बाइट राखलेले होते. रोमन लिपीत एक अक्षर एका बाइटात मावते, तेव्हा ही जागा अपुरी वाटण्याचे फारसे कारण नव्हते. युनिकोडच्या यूटीएफ-८ या आज सर्वत्र रूढ असलेल्या मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि चिन्ह म्हणताना काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्ताची खूण ही सारी वेगवेगळी मोजावी लागतात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा; संगणकाच्या हिशेबी त्यात दहा चिन्हे आणि तीस बाइट. ‘दिवाळी अंक २०११’ या फोल्डरातील ‘मुखपृष्ठ’ या फोल्डरात ‘अंतिम आवृत्ती’ नावाची फाइल असेल, तर मधल्या दोन तिरक्या रेघा आणि तीन मोकळ्या जागा धरून तिचा पत्ता १०४ बाइटांचा होतो. म्हणजे कोणत्याही कार्यालयात सहज पडेल असे हे साधे नाव मूळ टारच्या चौकटीबाहेर जाते.

अर्थात ही अडचण केवळ मराठीची नव्हती. लांब पत्ते इंग्रजीतही असतात, म्हणून १९८८ च्या पॉझिक्स मानकाने पत्त्याच्या पुढच्या भागासाठी आणखी १५५ बाइटांची सोय केली, ग्नू प्रकल्पाच्या टारने लांब नाव स्वतंत्र नोंद म्हणून आधी लिहिण्याची युक्ती काढली, आणि २००१ च्या मानकातील पॅक्स या रचनेने मर्यादाच जवळपास मोडीत काढली. आजच्या लिनक्सवर मराठी नावे बिनबोभाट बांधली जातात. मात्र एखाद्या जुन्या यंत्रावर, ग्नूची युक्ती न जाणणाऱ्या साधनाने तेच गाठोडे सोडले, की ‘लाँगलिंक’ नावाची एक परकी फाइल प्रकटते आणि तिच्यामागून येणाऱ्या फाइलीचे नाव मध्येच, कधी एखाद्या अक्षराच्या तीन बाइटांतील दुसऱ्या बाइटाशीच, तुटलेले सापडते.

याहून घाबरवणारे दृश्य मात्र निरुपद्रवी निघते. रात्री ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामातून बॅकअप, म्हणजे मूळ फाइलींची सुरक्षित प्रत, घेतली आणि सकाळी त्या कामाची नोंदवही उघडली, तर मराठी नावांच्या जागी तिरक्या रेघा आणि तीन-तीन आकड्यांची रांग दिसते : ३४०, २४४, २५६, पुन्हा ३४०, २४४, आणि मग आणखी एखादा आकडा. नावे नष्ट झाली असे वाटून पहिल्या वेळी पोटात गोळा येतो. हे आकडे अष्टमान पद्धतीत, म्हणजे शून्य ते सात एवढेच अंक वापरून लिहिलेले बाइट असतात; ३४०, २४४, २५६ ही तीन बाइटांची जुडी म्हणजे ‘म’ हे अक्षर, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची सुरुवात ३४० नेच होते, तिच्यामागे २४४ किंवा २४५ येतो. रात्रीच्या कामाला कोणती भाषा आणि कोणती अक्षरमांडणी वापरायची हे सांगितलेले नसते, म्हणून टार जे छापता येत नाही असे त्याला वाटते ते आकड्यांत छापते. गाठोड्यातील नाव जसेच्या तसे शाबूत असते. भाषा आणि अक्षरमांडणी ठरवणारे चल यूटीएफ-८ वर लावले की दुसऱ्या दिवशीची नोंदवही मराठीत वाचता येते. प्रस्तुत लेखकाला हे उमगेपर्यंत दोन महिन्यांची गाठोडी एकेक करून सोडून पाहावी लागली होती, आणि त्या खटाटोपात निदान ती सारी धड आहेत हे कळले.

नाव शाबूत राहण्याची दुसरी बाजूही आहे. टार नाव वाचत नाही, ते बाइटांची रांग जशीच्या तशी उतरवते, आणि मराठीत एक असे अक्षर आहे की जे दोन तऱ्हांनी लिहिले तरी कागदावर सारखेच दिसते. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्ध्या र ची ती आडवी, पापणीसारखी खूण युनिकोडमध्ये ‘ऱ’ आणि हलन्त अशी लिहिता येते, किंवा ‘र’, हलन्त आणि जोडणारे एक अदृश्य चिन्ह अशीही. कोणत्या कळफलकातून काय उमटेल हे टंकणाऱ्याला ठाऊकही नसते. त्यात मॅक संगणकांची जुनी फाइलप्रणाली ‘ऱ’ ला मोडून ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांत साठवत असे. परिणामी मॅकवर बांधलेले गाठोडे लिनक्सवर सोडले, की ‘दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना’ नावाच्या, डोळ्यांना तंतोतंत सारख्या दोन फाइली एकाच फोल्डरात शेजारीशेजारी दिसतात. एक जुनी, एक दुरुस्त केलेली, आणि शोधपट्टीत शब्द टंकला तर त्यांतील एकच सापडते. असा प्रकार घडला की लोक टारला दोष देतात. टारने येथे इमाने इतबारे आपले काम केलेले असते, हे पटवून देणे सोपे नसते.

झिपची गोष्ट निराळी आहे, कारण झिप बांधते आणि दाबतेही. फिल कॅट्झ यांनी १९८९ साली ही रचना प्रसृत केली. झिप फाइलीच्या आरंभी आजही त्यांच्या नावाची ‘पी’ आणि ‘के’ ही आद्याक्षरे बसलेली असतात, आणि वर्डची आजची फाइल किंवा ई-पुस्तकाची ईपब फाइल ही आतून झिपच असल्याने त्यांच्याही सुरुवातीला तीच दोन अक्षरे सापडतात. मूळ झिपमध्ये नावे आयबीएमच्या जुन्या संगणकाच्या २५६ चिन्हांच्या सारणीप्रमाणे लिहिली जात आणि त्या सारणीत देवनागरीला जागा नव्हती. नाव यूटीएफ-८ मध्ये आहे असे सांगणारी खूण झिपच्या विनिर्देशात २००६ साली आली. तरीही विंडोजच्या सातव्या आवृत्तीपर्यंतचे अंगभूत झिप-साधन मराठी नावाची फाइल समोर आली की या नावातील चिन्हे चालणार नाहीत असे सांगून काम थांबवत असे. चिनी वा जपानी वापरकर्त्यांच्या विंडोजला निदान त्यांच्या लिपीची जुनी सारणी होती. प्रणालीची मूळ सारणी म्हणून देवनागरीची सारणी विंडोजमध्ये कधी नव्हतीच. छापखान्याकडे पाने झिप करून पाठवणाऱ्या मराठी कार्यालयांत फाइलींना रोमन लिपीत नावे देण्याची जी सवय रुजली, आणि मराठी पुस्तकाच्या फोल्डरात ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरे’ अशी रोमन नावे जी आजही दिसतात, त्यांच्यामागे आळसापेक्षा या नकाराचा वाटा मोठा आहे असे या कामावरून वाटते.

दाबण्याच्या क्रियेबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण तेथे बिघडण्यासारखे कमी असते. युनिक्सवर आधी ‘कॉम्प्रेस’ नावाचे साधन होते. त्यातील पद्धतीवर पेटंटचा हक्क सांगितला गेल्यावर मुक्त पर्याय म्हणून झाँ-लू गायी आणि मार्क अ‍ॅडलर यांनी जीझिप लिहिले आणि त्याची पहिली आवृत्ती १९९२ च्या ऑक्टोबरअखेर प्रसिद्ध झाली. मागील ३२ किलोबाइटांत येऊन गेलेला तुकडा पुन्हा दिसला की तो पुन्हा न लिहिता ‘इतके मागे जा, इतका उतरव’ एवढीच खूण ठेवायची, हे त्याचे तत्त्व. युनिकोडमधील मराठी मजकूर त्याला फार मानवतो, कारण तीन बाइटांतील पहिले दोन सतत तेच ते येत राहतात. उलट छायाचित्रांच्या जेपेग फाइली आधीच दाबलेल्या असल्याने त्यांवर जीझिप चालवून केवळ वेळ जातो. जुन्या अंकांच्या स्कॅन केलेल्या पानांचे गाठोडे दाबायच्या भरीस म्हणूनच पडू नये. त्यात एक धोकाही आहे : नुसत्या टारमध्ये मधला भाग खराब झाला तरी पुढच्या शीर्षकापासून फाइली वाचवता येतात, पण सबंध गाठोडे जीझिपने दाबले असेल तर खराब जागेपुढचे सारे बहुधा हातचे जाते. झिप प्रत्येक फाइल स्वतंत्र दाबते म्हणून तेथे नुकसान आटोक्यात राहते, मात्र त्याची अनुक्रमणिका शेवटी असल्याने अर्धवट उतरवलेली झिप फाइल साध्या उपायांनी उघडतच नाही. जीझिपची आणखी एक खोड सांगितली पाहिजे : ते फाइल दाबून झाल्यावर मूळ फाइल काढून टाकते, आणि ती ठेवायची असेल तर ‘के’ हे अक्षर द्यावे लागते.

सर्वांत महाग पडलेली चूक बांधण्यात वा दाबण्यात घडली नाही, ती सोडण्यात घडली. दिवाळी अंक छपाईला जाण्याच्या आठवड्यात मागील सोमवारच्या बॅकअपमधला एकच लेख हवा होता, आणि घाईत सबंध गाठोडे चालू कामाच्या फोल्डरातच सोडले गेले. टार त्याच नावाची फाइल आधीपासून आहे का असे विचारत नाही. जुनी बाजूला सारून गाठोड्यातली तेथे ठेवते, आणि ठेवताना तिची मूळ तारीखही पुन्हा लावते. त्यामुळे दोन फॉर्म्यांच्या, म्हणजे बत्तीस पानांच्या, दुरुस्त्या पुसल्या गेल्या, आणि फाइलींवर सोमवारचीच तारीख असल्याने नंतर कोणी त्यांना हात लावला असे वरकरणी दिसेना. ही गोष्ट उघडकीस आली ती मुद्रितशोधकांमुळे : आपण काढलेल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पानांत परत आल्याचे त्यांनी दाखवले, आणि आदल्या रात्रीचे गाठोडे हाती असल्याने पाने परत मिळाली. गाठोड्याच्या नावानंतर त्या एका लेखाचे नाव लिहिले असते तर तेवढीच फाइल बाहेर आली असती. मोठे ‘सी’ लिहून रिकामे फोल्डर दाखवले असते तर सगळे सोडूनही काही बिघडले नसते. आणि छोटे ‘के’ दिले असते तर असलेल्या फाइलीला टारने हात लावला नसता. तिन्ही उपाय दोन-चार अक्षरांचे आहेत.

गाठोड्यात जे आहे असे समजले जाते तेच आहे का, हा प्रश्न एखाद्या कार्यालयापुरता राहत नाही, हे २०२४ च्या मार्चअखेरीस साऱ्या जगाला कळले. एक्सझेड या दाबणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा घातला होता, आणि तो जागा करणारा दुवा सर्वांना पाहता येणाऱ्या सार्वजनिक कोडभांडारात नव्हता, वितरणासाठी बांधलेल्या टार गाठोड्यातच होता. दूरच्या यंत्रावर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा पाठपुरावा करताना आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला तो सापडला. भांडार तपासणारे अनेक होते, गाठोडे सोडून भांडाराशी ताडून पाहणारे जवळपास कोणी नव्हते.

ताडून पाहण्याची रीत जुनीच आहे आणि तीत अवघड काही नाही. बांधून झाल्यावर यादीतील नावे मोजावीत, गाठोडे दुसऱ्या यंत्रावर रिकाम्या फोल्डरात सोडावे, आणि गाठोड्याचा एसएचए-२५६ हा ६४ चिन्हांचा ठसा, जो आतला एक बाइट बदलला तरी पार बदलतो, काढून वेगळ्या ठिकाणी लिहून ठेवावा. जुन्या अंकांची, संस्थेच्या कागदपत्रांची किंवा घरच्या छायाचित्रांची अशी गाठोडी ज्यांच्या डिस्कवर वर्षानुवर्षे न उघडता पडून आहेत, त्यांनी निदान ‘टी’ हे अक्षर लावून एकदा त्यांची यादी काढून पाहावी. यादी काढताना टार गाठोडे फक्त वाचते, आतल्या एकाही फाइलीला धक्का लावत नाही.